उलटे आटे

नोव्हेंबरचा दुसरा मंगळवार. लेक सुपीरियरवरून
आडवं येणारं बर्फ शटरच्या फटीतून आत,
आणि एइनो राउतिओचा सहासष्ट सालचा डॉज ट्रक
चारही पायांवर. जॅक अजून लावलेला नाही.
चाक जमिनीवर असतानाच नट मोडून घ्यायचे असतात,
हवेत गेलं की ते नुसतं गरगरतं.

उजवीकडचे दहाच्या दहा सुटले.
तेल मारलं, कॉफी झाली, पाना लावला, सुटले.
डावीकडचा पहिलाच मात्र
कोर्टातल्या साक्षीदारासारखा. तोंड उघडेना.
कोपरे आधीच गेलेले; कुठल्यातरी घाईच्या गॅरेजात
हवेच्या बंदुकीनं कुणीतरी
षटकोनाचा पेढा करून ठेवलेला.

एका मापानं लहान सॉकेट घेतलं,
हातोड्यानं ठोकून त्याच्या डोक्यावर बसवलं,
दांड्यात चार फुटी पाइप घातला आणि लटकले.
माझं एकशे अठ्ठेचाळीस पौंड वजन,
हिवाळी बूट धरून जरा जास्तच,
सगळं पाइपच्या टोकाला.
नट हूं नाही की चूं नाही.

एइनो उलट्या बादलीवर बसून होता,
हातात थर्मासचं झाकण, बोटांचे सांधे सुजलेले.
बावन्न हिवाळे या माणसानं स्वतःच चाकं बदलली.
यंदा पहिल्यांदा इथे आणली गाडी,
आणि आल्यापासून एकच वाक्य बोलला:
"थंडी आहे."

ब्लोटॉर्च. नट आधी निळा, मग जांभळा, मग
विचार करत करत लाल.
त्यावर मेणबत्तीचा तुकडा टेकवला.
मेण वितळून आट्यांत शिरतं, हे माझ्या मामाचं,
तो खाणीच्या पंपांवर होता, त्याला कशाचीच घाई नसे.
गॅरेजभर चर्चचा वास.
पुन्हा लटकले. खांद्यात काहीतरी किंचाळलं.

कड्.

सुटला, असं वाटलं.
हातात नट होता, आणि नटाच्या पोटात
तुटलेला बोल्ट. ताज्या लोखंडाची
ती राखाडी साखर.

शिव्या मी फिनिशमध्ये देते;
तेवढीच फिनिश उरली आहे माझी.
एइनोनं मान डोलावली. उच्चार बरे होते बहुधा.

मग शेजारच्या बोल्टाचं टोक तारेच्या ब्रशनं घासत बसले,
उगाच, हातांना काहीतरी हवं म्हणून.
गंजाखालून एक अक्षर वर आलं. एल.
एल म्हणजे डावा.
कारखान्यानं तेव्हा डावं-उजवं केलं होतं, अक्षरशः:
चाक पुढे पळताना नट सैल होत जाऊ नये
म्हणून या बाजूचे आटे उलटे कापलेले.

म्हणजे पाऊण तास मी सोडवत नव्हते.
आवळत होते.
माझ्याआधीचा तो बंदूकवालाही तेच करत होता.
आम्ही दोघं, एकमेकांना कधी न भेटलेले,
एकाच बाजूला जीव तोडून.

"तुला माहीत होतं?"
एइनोनं झाकणातली कॉफी संपवली.
तळाचा गाळ पाहिला.
"मला वाटलं तुला माहीत असेल, साइमा.
मेकॅनिक तू आहेस."

पाइप बाजूला ठेवला. साधाच पाना लावला
आणि आवळायच्या बाजूला रेटा दिला.
मनगटाला पटेना. बावीस वर्षांची सवय,
तिलाही गंज चढतो.
दुसरा नट कुरकुरला, आला.
तिसरा आला.
चौथा आणि पाचवा तर शेवटी बोटांनीच.

उलट्या आट्यांचा बोल्ट मिळायला आठवडा लागेल, म्हटलं.
"चारांवर चालतं," तो म्हणाला,
आणि तुटका नट कोटाच्या खिशात टाकला.
कशाला, ते विचारलं नाही. बिलातून एक तास वजा केला.
त्यानं तो परत मिळवून पैसे मोजले.

रात्री घरी हेरिंगची बरणी उघडताना
हात झाकणावर तसाच थांबला.
दिव्याखाली धरून पाहिलं,
काही लिहिलंय का.